धरण उशाला, कोरड घशाला (मॉरिशस आवृत्ती)

पावसाळी_दुपार

माहेर खटाव तालुक्यातलं आणि सासर रत्नागिरीचं. म्हणजे पाऊस न पडणं आणि पाऊस पडूनही पाणी नसणं, दोन्ही घरचंच. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी मॉरिशसला आलो तेव्हा वाटलं होतं, चला, हा एक विषय तरी सुटला. कसला सुटतोय.

आम्ही पश्चिम किनाऱ्यावर, ब्लॅक रिव्हर भागातल्या एका गावात राहतो. नळाला पाणी पहाटे चार ते सात आणि संध्याकाळी दोन-तीन तास. नोव्हेंबर उजाडला की संध्याकाळचं बंद. कधी पहाटेचंही येत नाही, मग टँकर. शेजारीण सकाळी कुंपणावरून ओरडते, "दिलो इन कुपे!" दिलो म्हणजे पाणी आणि कुपे म्हणजे तोडलं. क्रिओल भाषेतलं मी शिकलेलं पहिलं वाक्य हेच.

आता गंमत बघा. आमच्या डोक्यावर, अक्षरशः डोक्यावर, देशातला सगळ्यात मोठा जलाशय आहे. मार ओ वाकवा. समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर, मधल्या पठारावर. १८८५ मध्ये बांधलेला. क्षमता २ कोटी ५८ लाख ९० हजार घनमीटर. वाकवा, फिनिक्स, क्यूरपीप, कात्र बोर्न ही पठारावरची गावं त्यावर जगतात, आणि उरलेलं पाणी उतारानं आमच्याकडे किनाऱ्याला येतं. येतं म्हणायचं.

मागच्या रविवारी शामारेलच्या घाटाने वर गेलो होतो, गंगा तलावाला. परत येताना मार ओ वाकवाच्या काठाने आलो. पाइनची झाडं, धुकं, भुरभुर पाऊस, नवऱ्याला एकदम महाबळेश्वर आठवलं. पाणी काठापासून बरंच आत सरकलेलं, मधे लाल-काळ्या चिखलाचा पट्टा. आणि वरून पाऊस चालूच! तासाभरात खाली घरी पोचलो तर कडक ऊन आणि कोरडा नळ.

प्रश्न दोन आहेत. एक, असं का होतं? इथल्या बायकांना विचारलं की "धरण गळतं" म्हणतात, पुरुषांना विचारलं की "सरकार गळतं" म्हणतात. दुसरा प्रश्न व्यवहाराचा. घराचं छत सपाट आहे, स्लॅबचं. त्यावरचं पावसाचं पाणी साठवलं तर किती उपयोग होईल? कोणी केलंय का?

टिनपाट

मॉरिशसला राहून पाण्याची तक्रार! आम्ही हनिमूनच्या पॅकेजात फक्त समुद्र बघून आलो, नळाकडे लक्षच गेलं नाही. (हलकेच घ्या.)

विहारकर

आकडा वाचून चमकलो. २,५८९ कोटी लिटर. आमच्या मुंबईच्या विहार तलावाची क्षमता २,७६९ कोटी लिटर. म्हणजे त्यांचा देशातला सगळ्यात मोठा जलाशय आमच्या विहारपेक्षा किंचित लहान! आणि तुळशी सोडला तर विहार हा मुंबईच्या सात तलावांतला सगळ्यात लहान, सगळ्यांच्या मिळून साठ्यात त्याचा वाटा दोन टक्केसुद्धा भरत नाही. एकट्या विहारवर मुंबई जेमतेम आठवडाभर तग धरेल.

विहार पुरा झाला १८६०ला, वाकवाचं धरण १८८५चं. काळही एकच, राज्यकर्तेही तेच. पावसाळ्यात पेपरात सात तलावांची टक्केवारी वाचायची सवय आहे, तुमच्याकडे पण असते का?

पावसाळी_दुपार

@विहारकर, असते तर! रोज. इथे उसाच्या भावाइतकंच मन लावून ती वाचतात. आणि वाट कशाची बघतात माहितीये? चक्रीवादळाची. जानेवारी-फेब्रुवारीत वादळ बेटाच्या जवळून गेलं की दोन दिवसांत तलाव भरतात. फक्त अंगावर यायला नको. शेजारीण देवाला नवस बोलते तो असा: दुसऱ्या क्लासपर्यंत येऊ दे, चौथ्याला नको. (वादळाचे इशारे इथे एक ते चार क्लासमध्ये देतात.)

पाटकरी

निवृत्त आहे, पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे राहवत नाही.

२५.८९ दशलक्ष घनमीटर म्हणजे आपल्या भाषेत ०.९ टीएमसी. कोयना १०५ टीएमसी. पुणेकरांसाठी सांगायचं तर खडकवासल्याच्या निम्मं. धरण म्हणून लहानच. पण बेटही लहान, १,८६५ चौरस किलोमीटर. आपल्या जिल्ह्यांत मुंबई सोडली तर एवढा लहान सापडणार नाही.

आता हिशेब करू. बेटावर सरासरी पाऊस दोन हजार मिलिमीटर. पण मधल्या पठारावर तो चार हजारांपर्यंत जातो आणि ताई राहतात त्या पश्चिम किनाऱ्यावर हजाराच्याही खाली येतो. पाऊस आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्यांवर येतो, पठारावर रिकामा होतो आणि पश्चिम बाजू पर्जन्यछायेत राहते. आपल्या सह्याद्रीच्या बरोबर उलट. इकडे कोकण पश्चिमेला आणि माण-खटाव पूर्वेला. तिकडे माण-खटाव पश्चिमेला, समुद्राकाठी! ताई, तुम्ही फिरून माहेरीच आलात.

पडलेल्या पावसापैकी साधारण ६० टक्के नद्यांवाटे समुद्राला जातो, ३० टक्के बाष्प होऊन जातो, १० टक्के जमिनीत मुरतो. नद्या आखूड, उतार तीव्र. पाऊस पडला की काही तासांत सगळं समुद्रात. २०१३च्या मार्चमध्ये पोर्ट लुईत अशाच पुरात अकरा माणसं गेली. अडवायला जागा कमी, म्हणून साठा कमी. माझ्या मते अजून धरणं हवीत.

बावखोल

आमच्या गावात पण ह्याच रडगाणा. पावसात व्हाळ घरात येता आणि एप्रिलात नळातसून निसतो वारो येता. ताई, तुमी थंय असा नि आमी हंय, पण हंडो तोच.

कातळ

भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी. @बावखोल, हंडाच काय, खडक पण तोच आहे. गंमत नाही करत.

आज मॉरिशसशेजारच्या रियुनियन बेटाखाली जो तप्तबिंदू आहे (जिथे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येत राहतो), त्याच्यावर साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड होता. तेव्हा जो लाव्हा बाहेर आला त्याचा सह्याद्री झाला. मग भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि तप्तबिंदू मागे राहिला. मालदीव आणि चागोसची रांग त्याचाच माग. त्यानेच पुढे ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर काढलं, आणि आता तो रियुनियनमध्ये पेटलेला आहे. म्हणजे खटावच्या विहिरीतला काळा फत्तर आणि मार ओ वाकवाच्या तळाचा फत्तर एकाच चुलीवरचे.

फरक वयाचा. आपला बेसॉल्ट जुना, घट्ट. पाणी फक्त भेगांतून आणि दोन थरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्यातून सरकतं. मॉरिशसवरचे वरचे लाव्हा तरुण आहेत, फेसाळ, स्पंजासारखे, काही ठिकाणी लाव्हाचे बोगदेच्या बोगदे. अशा खडकावर धरण बांधायचं म्हणजे चाळणीत पाणी धरण्यासारखं. तिथलं बागातेल धरण २०१७मध्ये पुरं झालं, पण पाया अपेक्षेपेक्षा कच्चा निघाल्याने काम लांबलं आणि खर्च फुगला. त्यामुळे @पाटकरी काका, "अजून धरणं" हे लिहायला सोपं.

उलट चाळणीचा फायदा असा की मुरलेलं पाणी खाली सापडतं. देशाच्या नळातलं जवळपास निम्मं पाणी विंधन विहिरींतून येतं. वर पाटकरी काकांनी फक्त १० टक्के मुरतं म्हटलंय, ते खरंच आहे, पण तेवढ्यावर निम्मा देश पितो.

पाटकरी

कातळराव, पाया कच्चा म्हणून धरण नको, हे पटत नाही. ग्राउटिंग करून (भेगांत सिमेंट दाबून), जमिनीखाली पाणी अडवणारी पडदाभिंत घालून आपण याहून वाईट जागी धरणं उभी केलीत. २००२-०३च्या सुमारास त्यांनी मिडलंड्सचं धरण केलं, ते साडेपंचवीस दशलक्ष घनमीटरचं, वाकवाच्या जवळजवळ बरोबरीचं. त्याचं पाणी कालव्याने ला निकोलिएरच्या जुन्या तलावात घालून उत्तरेचा प्रश्न बराच हलका केला. दक्षिणेतही एक धरण कित्येक वर्षं चर्चेत आहे, नदीच्या नावाचा अर्थ वाम माशांची नदी. ते झालं असतं तर?

नियमावली

१. धाग्याचं शीर्षक म्हणीतून आलंय, ठीक. पण "मार ओ वाकवा"चा अर्थ कोणी सांगेल का?

२. जलाशयाचं क्षेत्रफळ कुणी दिलं नाही. त्याशिवाय बाष्पीभवनाची चर्चा निरर्थक.

पावसाळी_दुपार

@नियमावली, मार म्हणजे फ्रेंचमध्ये तळं, दलदल. वाकवा म्हणजे केवडा. केवड्यांचं तळं! आधी इथे दलदलीचं नैसर्गिक तळंच होतं, त्याला बांध घालून मोठं केलं. शहराचं नावही त्या झाडावरून पडलं. पूर्वी याच्या पानांच्या पिशव्या विणून त्यात साखर भरायचे, अजूनही बाजाराच्या पिशव्या मिळतात. मी एक घेतलीये, मजबूत आहे.

क्षेत्रफळ साडेपाच चौरस किलोमीटरांच्या आसपास.

नियमावली

म्हणजे सरासरी खोली पाच मीटरही नाही. पसरट ताट. उन्हाने आणि वाऱ्याने आटणारच. आभारी.

अवांतर: तो केवडा आपला वासाचा केवडा नव्हे. कूळ एक, जात वेगळी. हरतालिकेला चालणार नाही.

टिनपाट

नियमावलींना वास न येणारा केवडा सापडला, आता धागा शंभरी गाठणार.

पाचवी_पिढी

नमस्कार मंडळी. मी मॉरिशसमधल्या कास्कावेल गावचा आहे. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून जहाजाने आले असे घरात सांगतात; नेमके गाव कोणाला माहीत नाही. माझे मराठी शाळेतले आणि देवळातले आहे, चुकले तर सांभाळून घ्या. हा धागा वाचून लिहावेसे वाटले.

आमच्या बाजूला पाऊस कमी, हे खरे. पण पाणी कमी नव्हते, ते आमच्यासाठी नव्हते. साखर इस्टेटींचे कालवे होते. नद्यांच्या पाण्यावर कोणाचा किती हक्क हे १८६३च्या नद्या आणि कालव्यांच्या कायद्याने ठरले, आणि ते हक्क इस्टेटींकडे गेले. बांबू गावाजवळ ला फेर्म नावाचे मोठे तळे आहे, तेही उसासाठी. माझी आजी सांगायची की मळ्याच्या कॅम्पात सगळ्या घरांना मिळून एक लाफोंतेन होता, म्हणजे रस्त्यावरचा सार्वजनिक नळ. पहाटे तिथे रांग. ऊस तोडायला जायच्या आधी पाणी भरायचे, म्हणून तीन वाजता उठायचे. कालवा मात्र कॅम्पाच्या मागून रात्रंदिवस वाहायचा. त्यात हात घातला तर मुकादम ओरडायचा.

आजी म्हणायची, रांगेत भांडणे भोजपुरीत व्हायची, समेट क्रिओलमध्ये आणि आमच्या बायका आपसात कुचाळक्या मराठीत करायच्या, म्हणजे बाकीच्यांना कळू नये.

१९९९चा दुष्काळ मला आठवतो. मी शाळेत होतो. ऊस उभ्या उभ्या वाळला. त्या वर्षी देशाची साखर आधीच्या वर्षाच्या मानाने खूप घटली. शाळेत आम्हाला घरून बाटली आणायला सांगितली होती. गणपतीत आमच्याकडे झाकरी नाचतात, त्या वर्षी एका म्हाताऱ्याने पावसावर नवीन कडवे जोडले होते. ते आता कोणाला येत नाही.

धरण गळते की सरकार, याबद्दल: नळात सोडलेल्या पाण्यातले निम्म्याहून जास्त पाणी ग्राहकापर्यंत किंवा बिलापर्यंत पोचत नाही. हे लपलेले नाही, अधिकृत कागदांतच असते. नळ फार जुने आहेत. आमच्या रस्त्यावर एक जागा आहे, तिथे बारा महिने हिरवे गवत असते. सगळ्यांना माहीत आहे का ते.

विहारकर

@पाचवी_पिढी, किती छान लिहिलंत. "ते आमच्यासाठी नव्हते" हे वाचून थांबलो.

बावखोल

झाकरी म्हंजे आमची जाखडी मां? बाल्या नाच? अरे देवा. पाच पिढ्ये तिकडे आणि अजून नाचतत!

पाचवी_पिढी

होय, तीच. पायात घुंगरू, मध्ये ढोलकी, भोवती गोल फिरून.

पाटकरी

निम्म्याहून जास्त? मग मी माझं आधीचं विधान मागे घेतो. अर्धवट मागे घेतो. वाकवाचं पाणी पठारावरून किनाऱ्यापर्यंत उतारानं जातं, म्हणजे खाली नळात दाब भरपूर. जुन्या नळात दाब जास्त असला की गळती वाढते, आणि पाणी तासांवर सोडलं की ती आणखी बिघडते. रोज नळ रिकामा होतो, पुन्हा भरतो, हवेचे दणके बसतात, सांधे सुटतात. वर, रिकाम्या नळात बाहेरचा चिखल आत ओढला जातो. पाणी वाचवायला म्हणून बंद करायचं आणि त्यानेच नळ फोडायचा. सातारा जिल्ह्यात एका गावची योजना अशी डोळ्यांदेखत मेलेली पाहिली आहे. टाकी नवी बांधली, उद्घाटन झालं, खालचे नळ चाळीस वर्षांपूर्वीचे. टाकी भरायची आणि गावाच्या ओढ्याला पूर यायचा.

नवीन धरणाची कोनशिला बसवता येते. जमिनीखालच्या नळाची कुठे बसवणार?

कातळ

काका, आता बरोबर लाईनवर आलात. :)

टिनपाट

लाईनवर आले, पण लाईनच गळकी.

पावसाळी_दुपार

पाटकरी काका, चिखलाचं अगदी खरं. पाणी बंद होऊन परत आलं की पहिली दहा मिनिटं चहासारखं येतं. मी ते बादलीत धरून कढीपत्त्याला घालते.

निवडणुकीत चोवीस तास पाण्याचं आश्वासन इथेही असतं. शेजारणीच्या मते चोवीस तास पाणी म्हणजे वर्षातले चोवीस तास.

पण माझा दुसरा प्रश्न राहिलाच. छताचं पाणी?

पाटकरी

करा. छत किती मोठं आहे?

पावसाळी_दुपार

१०० चौरस मीटर धरा. इथे सगळी घरं अशीच सपाट स्लॅबची. १९६०च्या फेब्रुवारीत कॅरोल नावाचं वादळ आलं, त्यात पत्र्याची आणि लाकडाची घरं झोपली. तेव्हापासून लोकांनी सिमेंटची धरली.

पाटकरी

१०० चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर. तुमच्या किनाऱ्यावर वर्षाला ८०० मिलिमीटर धरला तर ८० हजार लिटर. गळती, उडणं, पहिलं घाण पाणी सोडून देणं हे वजा केलं तरी ६० हजार हाती लागावं. चौघांच्या घराला संडास, धुणं, झाडं यासाठी दिवसाला ३०० लिटर लागलं तर दोनशे दिवसांचं.

पण ते दोनशे दिवस सलग नाहीत. पाऊस डिसेंबर ते एप्रिल, तहान सप्टेंबर ते नोव्हेंबर. हजार लिटरची टाकी घेतलीत तर ती फेब्रुवारीत रोज सांडेल आणि ऑक्टोबरमध्ये रिकामी असेल. ऑक्टोबरपर्यंत पुरवायचं तर वीस-पंचवीस हजार लिटरची हवी, म्हणजे अंगणात खड्डा. भाड्याचं घर असेल तर मालक करू देणार नाही. तेव्हा दोन हजार लिटर घ्या. पाण्याची सुट्टी पाच-सहा दिवसांवर गेली तरी निभावेल.

पन्हळीच्या खाली एक उभा नळ ठेवा, तळाला झाकण असलेला. पहिल्या सरीची घाण त्यात उतरते, मग वरचं पाणी टाकीत जातं. पाऊस थांबला की झाकण उघडून तो रिकामा करायचा. आणि टाकीच्या प्रत्येक तोंडाला जाळी. डासांची.

नियमावली

८० हजारांतून ६० हजार म्हणजे २५ टक्के घट धरली. स्लॅबसाठी योग्य.

पाचवी_पिढी

टाकीसाठी सरकारी अनुदानाची योजना असते, उत्पन्नाची अट आहे, घरमालकाला विचारा. आणि ताई, ब्लॅक रिव्हरहून कास्कावेल लांब नाही. रविवारी या. तो जुना लाफोंतेन अजून उभा आहे. आईला मराठी बोलायला कोणी मिळाले तर आनंद होईल, मात्र ती तुम्हाला भरपूर खायला घालेल.

पावसाळी_दुपार

(तीन आठवड्यांनी) धागा वर काढते.

कास्कावेलला जाऊन आलो. आईंचं वय ऐंशीच्या पुढे. त्यांचं मराठी माझ्या आजेसासूबाईंसारखं, मधेच क्रिओल शब्द येतो आणि त्यांना तो मराठीच वाटतो. मी "पाणी जातं" म्हटलं तर त्यांना कळेना. "पाणी तोडतात" म्हटल्यावर कळलं. पुरणपोळीसारखं काही खाल्लं, नाव वेगळं सांगितलं, चव ओळखीची होती.

लाफोंतेन म्हणजे कमरेएवढा बिडाचा खांब. तोटी नाही, भोकात सिमेंट भरलंय. आई त्याच्याशेजारी उभ्या राहून दाखवत होत्या की त्यांचा डबा रांगेत कुठे असायचा. एक जागा दाखवली, मग म्हणाल्या, नाही, इथे माझी सासू उभी असायची, मी मागे. आणि दोन पावलं मागे सरकल्या.

टाकी बसवली, दोन हजार लिटरची. घरमालक कुरकुरला, पण अर्धे पैसे त्यानेच दिले. पाऊस अजून आलेला नाही.

बावखोल

येतलो, येतलो. जाळी लावलास मां?

पावसाळी_दुपार

लावली. माकडाने एक काढून नेली, दुसरी तारेने बांधलीये.